दाराच्या चौकटीवरील रेघ: मुलांची उंची घरी कशी मोजावी

नमस्कार. मागील व्हिडिओमध्ये माझ्या मागे आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दिसत होती आणि तिच्यावरील पेन्सिलीच्या रेघांविषयी इतक्या प्रेक्षकांनी विचारले आहे, की आज केवळ त्याच विषयावर बोलायचे मी ठरवले. माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, मुलगा १४ महिन्यांचा. त्या सगळ्या रेघा मुलीच्या आहेत. मुलाची एकही का नाही, तेही सांगतो.

प्राथमिक गोष्टी आपणा सर्वांना ठाऊक आहेत. बूट-मोजे काढावेत, केस बांधलेले असतील तर मोकळे करावेत, टाचा भिंतीला टेकवाव्यात, गुडघे सरळ ठेवावेत. जिथे भिंतीला खालची पट्टी बाहेर आलेली असते तिथे मोजू नये, कारण टाचा टेकतच नाहीत. एवढे पुरे.

चूक होते ती डोक्यावर रेघ काढताना. आपण मुलाच्या डोक्यावर पेन्सिल आडवी ठेवतो आणि ती भिंतीकडे नेतो, पण उभ्या माणसाच्या हातातली पेन्सिल नकळत वर किंवा खाली कलते आणि रेघ अर्धा-पाऊण सेंटिमीटर चुकते. पेन्सिलीऐवजी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक घ्यावे. त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटवावी, दुसरी डोक्यावर केस दाबले जातील इतकी टेकवावी आणि मग पुस्तकाच्या खालच्या कडेशी खूण करावी. त्या वेळी मुलाने समोर पाहायला हवे. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत आले पाहिजे. ‘उंच हो बघू’ असे म्हटले, की मूल हनुवटी वर करते आणि माप बिघडते; म्हणून मी मुलीला समोरच्या खिडकीतला पारवा दाखवतो.

एवढे बारकाईने सांगण्याचे कारण माझ्याच घरातले आहे. गेल्या वर्षी डिसेंबरमधील रेघेपेक्षा जानेवारीतील रेघ खाली आली. मुलगी वाढायची थांबली या विचाराने मी दोन रात्री झोपलो नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला योग्य उपकरणावर दोनदा मोजले, जुन्या नोंदी पाहिल्या आणि वाढ व्यवस्थित असल्याचे सांगितले. डिसेंबरमध्ये पत्नीने सकाळी उठल्याबरोबर मोजले होते आणि मी जानेवारीत संध्याकाळी, तेही पेन्सिलीने. दिवसभर उभे राहून, धावून मणक्यांमधील चकत्या दबतात आणि संध्याकाळची उंची सकाळपेक्षा थोडी कमी भरते. त्यामुळे वेळ एकच ठरवून घ्यावी.

‘आम्ही दर आठवड्याला मोजतो, पण फरकच दिसत नाही’ असे अनेकांनी लिहिले आहे. येथे थोडा हिशेब करू या. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात साधारण १२, आणि पुढे चार-पाच वर्षांच्या मुलाची वाढ वर्षाला सहा-सात सेंटिमीटरवर येते. म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. आपली रेघच अर्ध्या सेंटिमीटरने चुकत असेल, तर दोन महिन्यांच्या रेघांमध्ये जो फरक दिसतो तो मुलाचा नसून आपल्या हाताचा असतो. मी आता सहा महिन्यांनी एकदाच मोजतो, पण एका बैठकीत तीनदा मोजून सरासरी घेतो. फ्रान्समधील माँबेयार नावाच्या एका गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची साधारण सहा महिन्यांच्या अंतराने नोंदवली होती. वाढीचा वेग बालपणी उतरत जातो आणि वयात येताना पुन्हा उसळतो, हे त्या एका बापाच्या नोंदींत स्पष्ट दिसते, आणि आजही वाढीच्या अभ्यासात त्या आलेखाचा दाखला देतात.

तिसरा प्रश्न एका आईचा आहे. दुसऱ्या वाढदिवसाला त्यांचे मूल आधीच्या मापापेक्षा बुटके भरले. ताई, मूल आक्रसलेले नाही, मोजण्याची पद्धत बदललेली आहे. दोन वर्षांपर्यंत बाळाला निजवून लांबी मोजतात, त्यानंतर उभे करून उंची. निजवून घेतलेले माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटरने अधिक भरते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या आलेखांत हा फरक धरलेला आहे. पाच वर्षांनंतर इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे आलेख वापरावेत. ते तयार करण्यात आपल्या पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता तुलनेविषयी, कारण या प्रतिक्रिया वाचून मला खरोखर वाईट वाटते. ‘शेजारचा अकराव्या महिन्यात चालला, आमचा अजून नाही.’ माझा मुलगा रांगलाच नाही. तो बसल्या बसल्या सरकत घरभर फिरतो आणि सोफ्याला धरून उभा राहतो. आधाराशिवाय चालण्याचा काळ जागतिक आरोग्य संघटनेने ८.२ ते १७.६ महिने असा नोंदवला आहे. त्या अभ्यासात दिल्लीतील मुलेही होती आणि सुमारे ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट करणे त्याने सोडून दिले असेल, तर मात्र थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावे. लवकर चालावे म्हणून चाकांच्या वॉकरमध्ये बसवणे मला अजिबात मान्य नाही. त्याने चालणे लवकर येत नाही आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, कारण तो धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, पण तोही मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच असावा.

चौकटीवर न दिसणारी वाढ मी वहीत लिहितो. अडीच वर्षांची असताना मुलगी पर्वतीवर प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून थांबत होती आणि १०३ पायऱ्यांपैकी निम्म्या माझ्या कडेवर झाल्या. तिसऱ्या वाढदिवसानंतर ती एकाआड एक पाय टाकून चढू लागली, तरी उतरताना जुनीच पद्धत होती. गेल्या रविवारी ती उतरतानाही एकाआड एक पाय टाकत होती, हात न धरता. ती तारीख मी खाली आल्याबरोबर लिहून ठेवली.

माझ्या आईला हे मोजमाप आवडत नाही, दृष्ट लागते असे तिचे म्हणणे आहे. तरीही मुलाची लांबी घेताना सतरंजीवर त्याचे डोके भिंतीला टेकवून तीच धरते, मी गुडघे सरळ करून तळव्यांशी पुस्तक उभे लावतो आणि पत्नी माप वाचते. त्याची चौकटीवरील पहिली रेघ दुसऱ्या वाढदिवसानंतरच निघेल. मुलीच्या रेघांच्या उजवीकडची जागा आम्ही त्यासाठी कोरी ठेवली आहे.