पारसिकच्या पोटातून

(दृश्य: कळव्याच्या बाजूचे पारसिक बोगद्याचे तोंड. पावसाळी सकाळ. दूरवरून गाडीचा भोंगा.)

ठाणे स्थानक सुटले की गाडी खाडीवरचा पूल ओलांडते, कळव्याची कारशेड मागे टाकते आणि थेट डोंगराच्या अंगावर धावून जाते. डब्यात एकाएकी अंधार होतो, फोनवर बोलणारा माणूस ‘बोगदा आला, ठेवतो’ म्हणून घाईने बोलणे आवरतो, खिडकीशी बसलेली मुले ओरडून स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकतात आणि पावसाळा असेल तर दारात उभ्या असलेल्यांच्या खांद्यावर छतातून गळणारे चार थेंब पडतात. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात हा सगळा प्रसंग जेमतेम एका मिनिटाचा असतो. एका मिनिटाचा हा अंधार १९१६ सालापासून चालत आला आहे.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला, मुंब्र्यापासून दक्षिणेकडे नवी मुंबईच्या पाठीशी पसरत गेलेल्या डोंगररांगेला आपण पारसिकचा डोंगर म्हणतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांना मागील बाजूने अडवून धरणाऱ्या या रांगेतून गेल्या शंभराहून अधिक वर्षांत माणसाने एकामागून एक वाटा काढल्या. आजूबाजूच्या जमिनीखालून पाणी नेले आणि आता खाडीच्या तळाखालूनही मार्ग काढला जात आहे. या माहितीपटात आपण त्या वाटांवरून जाणार आहोत.

(दृश्य: मुंब्रा स्थानक, वर डोंगरावर मुंब्रादेवीचे मंदिर.)

बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असते. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा मार्ग कल्याणपर्यंत वाढला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. खरी परीक्षा या दुसऱ्या टप्प्यात होती, कारण ठाण्याच्या पुढे आधी खाडी होती आणि खाडीपलीकडे डोंगर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या अभियंत्यांनी डोंगराशी सरळ झुंज घेतली नाही. त्यांनी रूळ पाण्याच्या कडेने, डोंगराच्या पायथ्याला वळसा घालून नेले आणि जिथे अगदीच इलाज नव्हता तिथे दोन छोटे बोगदे खणले. आजही मुंब्र्याकडून जाताना एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला कातळ दिसतो, तो याच निर्णयामुळे.

साठ वर्षांत वाहतूक इतकी वाढली की हा वळसा परवडेनासा झाला. तेव्हा डोंगर आरपार छेदून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा, दोन रुळांचा पारसिक बोगदा तयार करण्यात आला. पुण्याकडे आणि नाशिककडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि जलद लोकल सरळ बोगद्यातून, तर धिम्या लोकल जुन्या वाटेने मुंब्र्याकडून, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. ‘फास्ट पकडलीस की स्लो’ या प्रश्नाचा खरा अर्थ कळव्यापुढे ‘बोगद्यातून गेलास की खाडीकडून’ असाच होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली आणि ही सवय मोडली. बोगदा मेल-एक्सप्रेस गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळवण्यात आल्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांमुळे लोकल खोळंबू नये, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. मात्र ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गच्च भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि काहींनी जीव गमावला, तेव्हा त्या वळणाची चर्चा डब्याडब्यांतून झाली. सरळ बोगद्याने आपल्याला इतकी वर्षे कशापासून दूर ठेवले होते, याचा विचार त्या आठवड्यात अनेकांच्या मनात आला असेल. अपघाताला गर्दीपासून अनेक कारणे असतात, त्यामुळे सगळा दोष एका वळणाच्या माथी मारणे योग्य नाही, पण वळण होते हेही खरे.

लांबीच्या बाबतीत मुंबईच्या उपनगरी जाळ्यातला पारसिकचा मान आता पनवेल-कर्जत मार्गावरच्या वावर्ले बोगद्याकडे जातो. त्याची लांबी २.६ किलोमीटरहून थोडी अधिक आहे, म्हणजे पारसिकच्या जवळजवळ दुप्पट.

(दृश्य: बेलापूर किल्ल्याचे अवशेष.)

इथे भाषेकडे थोडे वळावेसे वाटते. मराठीत जमिनीखालच्या वाटेला एकच शब्द नाही. आगगाडी जाते तो बोगदा आणि राजा पळून जातो ते भुयार. सुरुंग म्हणजे खडक फोडण्यासाठी ठासलेली दारू, जरी हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ बोगदा असा होत असला तरी. भुयाराला अंतराची अडचण कधीच नसते, म्हणूनच महाराष्ट्रात ‘इथून एक भुयार थेट अमुक ठिकाणी निघते’ अशी आख्यायिका नसलेला किल्ला शोधून सापडणे कठीण आहे. बेलापूरच्या किल्ल्यातून एक भुयार समुद्राखालून घारापुरीला जाते, असे इथले जुने लोक सांगत आले आहेत. ते भुयार कुणी पाहिलेले नाही. पण खाडीखालून वाट असावी, ही कल्पना या किनाऱ्यावर अभियंते येण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती.

कल्पनेपुढची अडचण होती ती खडकाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. अखंड बेसाल्ट बोगद्यासाठी उत्तम, कारण तो स्वतःचे छत स्वतः तोलतो. पण दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीचा ठिसूळ पट्टा असतो, कुठे लाव्हातल्या वायूंनी सोडलेल्या पोकळ्या असतात, आणि थंड होताना पडलेल्या भेगा तर सर्वत्र असतात. पावसाचे पाणी या भेगांतून खाली उतरते. पारसिकच्या बोगद्यात दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या खांद्यावर पडणारा थेंब याच वाटेने आलेला असतो.

(दृश्य: कापूरबावडी नाका, वाहनांची रांग. कॅमेरा रस्त्यावरून हळूहळू खाली झुकतो.)

आता आपण अशा बोगद्याकडे येतो, ज्यावरून ठाणेकर रोज जातात आणि ज्याची बहुतेकांना कल्पनाही नसते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईत आहेत. उरलेले पाणी भातसा, तानसा आणि वैतरणेच्या खोऱ्यांतून येते आणि त्याचा मोठा हिस्सा भिवंडीजवळच्या गुंदवलीहून ठाण्यात कापूरबावडीपर्यंत आणि तिथून भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या जलबोगद्यातून वाहते. त्याचा व्यास साडेपाच मीटर आहे, म्हणजे दुमजली बस आत सहज उभी राहील. तो जमिनीखाली शंभर मीटरहूनही अधिक खोल आहे.

पाणी इतक्या खोल का न्यायचे, असा प्रश्न साहजिकच पडतो. जमिनीवरच्या जलवाहिन्या गंजतात, फुटतात, त्यांना भोके पाडून पाणी चोरले जाते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली की दुरुस्तीची गाडीही आत नेता येत नाही. कातळातला बोगदा या सगळ्यातून सुटतो. त्याच्यावर कुणी झोपडे बांधले काय आणि चाळीस मजल्यांचा मनोरा उभारला काय, खालच्या पाण्याला त्याचा पत्ता लागत नाही. निदान हिशेब तरी असा होता.

हा हिशेब एका कूपनलिकेने चुकवला. ठाण्यात एके ठिकाणी बोअरवेल खोदण्याचे काम चालले होते. खोदणाऱ्यांना पाणी हवे होते, म्हणून ते खाली खाली जात राहिले आणि शंभर मीटरपेक्षा खोल असलेल्या बोगद्यालाच त्यांनी छेद दिला. पाणी लागले, पण ते मुंबईचे होते. वीतभर रुंदीच्या त्या छिद्रातून गळती सुरू झाली आणि ती थांबवण्यासाठी अखेर संपूर्ण जलबोगदा रिकामा करून आतून दुरुस्ती करण्याचे ठरले. ३१ मार्च २०२३ पासून एक महिना पाणी जुन्या जलवाहिन्यांतून फिरवण्यात आले आणि मुंबईसह ठाणे आणि भिवंडीच्या ज्या भागांना मुंबई महापालिका पाणी पुरवते, तिथे १५ टक्के पाणीकपात लागू झाली. ऐन उन्हाळ्यात दोन कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या महानगर प्रदेशात बादल्या भरून ठेवण्याची वेळ आली, ती एका बोअरवेलमुळे.

या घटनेकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळून पाहिले, कारण रेल्वेचा बोगदा डोळ्यांना दिसतो, त्याच्या तोंडावर कमान असते, सिग्नल असतो, पण जलबोगद्याची जमिनीवर काहीच खूण नसते. घर घेताना आपण सातबारा पाहतो, मालमत्ता पत्रक पाहतो. त्यांतल्या एकाही कागदावर पायाखालून काय वाहते याची नोंद सापडत नाही.

(दृश्य: शिळफाटा, संध्याकाळी सात. ट्रकच्या लाल दिव्यांची न संपणारी ओळ.)

रस्त्यांचे बोगदे या भागात उशिरा आले. डोंगराला वळसा घालून महापे आणि शिळफाटा येथे रोज दीड-दोन तास रांगेत काढणे हे नवी मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत घर असलेल्या माणसाने जणू विधिलिखित म्हणून स्वीकारले होते. ऐरोली-काटई नाका मार्गासाठी पारसिकच्या डोंगरातून पावणेदोन किलोमीटरच्या आसपास लांबीचा जोडबोगदा काढण्यात आला, तो याच रांगेवरचा उतारा म्हणून. दक्षिणेकडे तुर्भे आणि खारघर यांना जोडण्यासाठीही त्याच रांगेतून जवळजवळ तेवढाच बोगदा सिडकोने हाती घेतला.

खाडीच्या अलीकडे, ठाण्याच्या पश्चिमेला, प्रश्न डोंगरापुरता उरत नाही, कारण तिथे येऊरचे जंगल आहे आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ठाण्याहून बोरिवलीला जायचे तर घोडबंदर रस्त्याने उद्यानाला प्रदक्षिणा घालावी लागते. आता उद्यानाच्या खालून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले आहे. एकूण ११.८ किलोमीटरच्या मार्गात सव्वादहा किलोमीटर बोगदा असेल. दोन स्वतंत्र नळ्या असतील, प्रत्येकीत वाहनांसाठी दोन मार्गिका आणि आणीबाणीसाठी एक असेल, आणि दर तीनशे मीटरवर एका नळीतून दुसरीत जाण्यासाठी आडवी वाट असेल. जंगलाच्या जमिनीला हात लागू नये म्हणून इथे सुरुंग न लावता यंत्राने खणण्याचा मार्ग निवडला आहे. बिबट्याला खाली चाललेली वाहतूक जाणवणार नाही, असे गृहीत आहे. बोगद्याच्या तोंडाशी राहणाऱ्या मुल्लाबाग परिसरातील रहिवाशांना मात्र ती जाणवेल, आणि धूळ, डंपर व वाढणारी गर्दी यांबद्दल त्यांनी आवाजही उठवला आहे. बोगदा मधल्या माणसाला सोडवतो आणि त्याचे ओझे दोन टोकांवर टाकतो, हे प्रत्येक बोगद्याच्या बाबतीत खरे आहे.

(दृश्य: महापे. उघड्या आवारात एकावर एक रचलेले काँक्रीटचे वक्र तुकडे.)

महापे येथील या आवारात रचलेले हे वक्र तुकडे पाहून पहिल्यांदा एखाद्या राक्षसी रांजणाच्या खापऱ्यांची आठवण येते. नऊ वक्र तुकडे आणि त्यांना घट्ट बसवणारा एक छोटा किल्लीचा तुकडा, असे दहा मिळून एक कडे होते. प्रत्येक तुकडा दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असतो. अशी हजारो कडी एकापुढे एक जोडत गेली की मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा तयार होतो.

वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतचा हा बोगदा २१ किलोमीटरचा आहे. त्यातील १६ किलोमीटर यंत्राने खणायचे आहेत. त्यासाठीच्या यंत्राच्या दर्शनी चक्राचा व्यास तेरा मीटरहून अधिक आहे, कारण येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही रूळ एकाच नळीत बसवायचे आहेत. घणसोली ते शिळफाटा हे उरलेले सुमारे पाच किलोमीटर मात्र जुन्या ओळखीच्या क्रमाने खणले गेले. आधी कातळात छिद्रे पाडायची, दारू ठासायची, स्फोट करायचा, मलबा उपसायचा आणि छत ढासळण्याच्या आत त्यावर लोखंडी गज ठोकून काँक्रीटचा फवारा मारायचा. कामाला वेग यावा म्हणून घणसोलीला बाजूने ३९४ मीटर लांबीचा एक मदतीचा बोगदा काढला, म्हणजे मधूनच दोन्ही दिशांना एकाच वेळी खणता आले. २० सप्टेंबर २०२५ रोजी दोन्हीकडची माणसे कातळातल्या शेवटच्या भिंतीपलीकडे एकमेकांना भेटली. शिळफाट्याजवळ हा मार्ग पारसिक डोंगराच्या माथ्याखाली ११४ मीटर खोल आहे. १८५४ मध्ये ज्या डोंगराला वळसा घातला आणि १९१६ मध्ये ज्याला छेद दिला, त्याच्या तळाशी आता ताशी ३२० किलोमीटर वेगाची गाडी धावणार आहे.

(दृश्य: ऐरोलीची जेट्टी. ओहोटी. दूर चिखलावर गुलाबी पट्टा.)

या मार्गातील सात किलोमीटर ठाणे खाडीच्या खाली आहेत. खाडीवर पूल बांधणे अशक्य नव्हते. पण इथली कांदळवने आणि रोहित पक्ष्यांचे अभयारण्य यांना धक्का लागू नये म्हणून गाडी तळाखालून नेण्याचे ठरले. २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झालेली ही खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून थंडीत होड्या सुटतात, तेव्हा इंजिन बंद करून नावाडी काही वेळ होडी तशीच तरंगत ठेवतो. पक्षी मान पाण्यात उलटी घालून चिखल गाळत असतात. होडीतली माणसे कुजबुजतात, कॅमेरे सरसावतात, आणि एखादे मूल हमखास विचारते की पाणी किती खोल आहे. नावाडी वल्हे उभे करून दाखवतो. ओहोटीला ते अर्धेही बुडत नाही.