कुसळीचा माळ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. गाव मागे पडतं आणि माळ सुरू होतो. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मधूनच एखादा हिवर, नाहीतर बोराटी. अशा जमिनीला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'पडीक' म्हणत आलो.

१९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी इथं अभयारण्य झालं. आज माळढोक महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झालाय. त्याची आठवण ठेवूनच, जरा मान खाली घालून चालूया.

हे मारवेल, गुरांचं आवडतं. हा पवन्या. आणि ही कुसळी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतो ना, ते असल्याच गवताचं. दाण्याला खाली सुईसारखं टोक, वर पीळ बसलेली लांब शेपटी. शेपटी भिजली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो. अशा फिरण्यानं दाणा गिरमिटासारखा मातीत उतरतो. टोकावरची लव उलटी असते, त्यामुळे आत गेलेला दाणा बाहेर येत नाही. मेंढीच्या लोकरीतूनही तो असाच कातड्यापर्यंत पोचतो. म्हणून कुसळी चारायची ती निसवायच्या, म्हणजे तुरे बाहेर पडायच्या आत.

पावसाळ्यात गवताच्या बुडाशी शंखपुष्पी फुलते. निळं फूल, शर्टाच्या गुंडीएवढं. जवळच माकडशिंगी. पानं जवळपास नाहीतच, नुसत्या चौधारी हिरव्या कांड्या. गुराखी त्या मोडून कच्च्याच खातात. गवताच्या आडोशानं वाढते ती. गवत गेलं की तीही दिसेनाशी होते.

या माळावर एके काळी झाडं लावली गेली. गिरिपुष्पाच्या रांगाच्या रांगा. हेतू चांगला होता, पण माळाला झाडं नको होती. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. चारी दिशांना लांबवर दिसलं तरच तिला तिथं निर्धास्त वाटतं. गवतालाही सावली सोसत नाही. त्याला ऊन हवं. उन्हाळ्यात वरून ते मेलेलं दिसतं, पण त्याचा जीव मुळांत असतो.

कॅमेरा आता जमिनीलगत ठेवलाय. मृगाची पहिली सर नुकतीच येऊन गेली. गेल्या हिवाळ्यात गळलेलं एक कुसळ भिजलंय. बघा, शेपटी फिरायला लागली.