साठावी मुद्रा

नमस्कार मंडळी.

आज एका नवसाच्या मुलाची गोष्ट. थायलंडमधल्या चाचोएंगसाओ इथल्या सोथोन मंदिरातला बुद्ध नवसाला पावतो, आणि त्याला नाच फार आवडतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. नवस फेडायला माणसं पैसे देऊन त्याच्यापुढे नर्तकींचा नाच करवतात. एका आईनं इथं मुलगा मागितला. 1971 साली तो झाला. पिचेत क्लुन्चुन त्याचं नाव. तू नर्तक का झालास, असं पुढे त्याला भर रंगमंचावर विचारलं, तेव्हा त्यानं हा नवसच सांगितला.

सोळाव्या वर्षी तो चायोत खुम्मानी या गुरूंकडे खोन शिकू लागला. खोन म्हणजे मुखवटे घालून नाचलेलं रामायण. रामायणाला तिकडे रामकियन म्हणतात. पात्रांच्या जाती चार: नायक, नायिका, राक्षस, वानर. अंगकाठी पाहून गुरू त्यातली एक ठरवतात. पिचेतच्या वाट्याला राक्षस आला. त्या राक्षसांचा राजा तोसाकान, म्हणजे आपला दशकंठ! मुखवट्याआडचा नट बोलत नाही, संवाद निवेदक म्हणतात. आणि तो भरजरी पोशाख? प्रयोगाआधी सुईदोऱ्यानं थेट अंगावर शिवतात. एकदा टाका पडला की तहान लागो नाहीतर आणखी काही, प्रयोग संपेपर्यंत कळ काढायची.

या शिक्षणात हुकूम पाळायचा असतो. बोटं मागे वाकव म्हटलं की वाकवायची. पिचेतनं मात्र ‘का’ विचारायला सुरुवात केली. मला वाटतं, त्याच्या सगळ्या कामाचं मूळ या एका अक्षरात आहे.

2004 साली बँकॉकमध्ये जेरोम बेल हा फ्रेंच नृत्यदिग्दर्शक त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला. दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे, एवढाच प्रयोग. खोनमध्ये मरण कसं दाखवता, असं बेलनं विचारलं. मरण दाखवत नाहीत, अपशकुन असतो, असं पिचेत म्हणाला. मग तो उठला आणि शोक करणाऱ्या बाईच्या चालीनं रंगमंच ओलांडू लागला. इतका सावकाश, की पाऊल उचललंय की टेकलंय तेच कळू नये. रेडिओवर एवढा वेळ गप्प बसले तर तुम्ही स्टेशन बदलाल, म्हणून मी बोलतेय.

गुरूंना वाहिलेल्या ‘आय ॲम अ डीमन’ या नृत्यात पिचेतनं पोशाख उतरवला. उघड्या अंगानं तो रोजच्या तालमीतले धडेच नाचला. भरजरी कापडाखाली झाकलेला गुडघा आणि पाठीचा कणा कसं काम करतात, ते लोकांना तेव्हा दिसलं.

थाई नृत्यात परंपरेनं चालत आलेल्या 59 मूळ मुद्रा आहेत. पहिली थेप्पानोम, हात जोडलेला देव. पिचेतनं कित्येक वर्षं त्या कागदावर रेषांनी उलगडल्या: वजन कुठे पडतं, हात कुठलं वर्तुळ काढतो, शरीराचा अक्ष कुठून जातो. त्यातून सहा तत्त्वं हाती आली. ती वापरली की जुनी मुद्रा न मोडता तिच्या पोटातून नवी हालचाल काढता येते. सनातनी मंडळींना हे रुचलं नाही, हे सांगायला नकोच. मला मात्र ज्यानं एवढ्या बारकाईनं मोजलं, त्याच्या भक्तीबद्दल शंका येत नाही.

2020 साली त्यानं या साऱ्या अभ्यासावर नृत्य बसवलं. त्याचं नाव ठेवलं ‘नंबर साठ’.