शहर रिकामं करू नका!

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे 'यंदाचे सुपरहिरोपट: थिएटरमधून बाहेर पडताना'. यंदाचे म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यातले. अमेरिकी सिनेमाचा उन्हाळा मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि ऑगस्टपर्यंत चालतो. या उन्हाळ्यात तिकडे तीन मोठे सुपरहिरोपट लागले: २ मे रोजी 'थंडरबोल्ट्स', ११ जुलैला 'सुपरमॅन' आणि २५ जुलैला 'द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स'. तिन्ही मी मोठ्या पडद्यावर पाहिले आणि तिन्हींवर बोलणार आहे. तुम्हीही ते पाहिले असतील असं धरून चालतो, त्यामुळे शेवट सांगताना थांबणार नाही. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी कान झाकून घ्या.

पण त्याआधी एक गोष्ट मनात फार दिवस साठली आहे, ती बोलून टाकतो. तुमच्यासारखी ऐकून घेणारी सभा पुन्हा कधी मिळेल कोण जाणे.

सुपरहिरोचं काम काय, असं कुणालाही विचारा. उत्तर येतं, खलनायकाला हरवणं. मला हे मुळातच मान्य नाही. सुपरहिरोचं काम माणसं वाचवणं. खलनायक ही त्या कामातली अडचण, बस. मी हे मनचं सांगत नाही. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आणला. ती गोष्ट अवघी तेरा पानांची. त्या तेरा पानांत सुपरमॅन काय करतो? एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीत देहदंड होणार असतो, तर तो मध्यरात्री थेट गव्हर्नरच्या घरी धडकतो आणि देहदंड थांबवतो. बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला धरतो. लोइस या पत्रकार मैत्रिणीला गुंडांच्या गाडीतून सोडवतो. मग एका राजकारण्याच्या मागे लागतो. आकाशातून येणारा राक्षस नाही, जगबुडी नाही. लेक्स लूथर, सुपरमॅनचा कायमचा वैरी, यायला १९४० उजाडलं. म्हणजे त्याचा सर्वांत मोठा खलनायक दोन वर्षांनी आला, वाचवणं मात्र पहिल्या पानापासून होतं. ज्यांना हा इतिहास माहीत आहे त्यांच्या माना हलताना दिसतायत, छान वाटलं.

१९७८ च्या सिनेमात रिचर्ड डोनर यांनी हीच गोष्ट नेमकी धरली. आठवा, गच्चीच्या कडेला लटकलेलं हेलिकॉप्टर, त्यातून पडणारी लोइस, आणि खाली रस्त्यावर माना वर करून उभी असलेली गर्दी. तो प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हकडे क्षणभर दुर्लक्ष करा आणि ती गर्दी बघा. माणसं किंचाळतात, तोंडावर हात ठेवतात, मग टाळ्या वाजवतात. थिएटरमध्ये बसलेले आपणही त्याच गर्दीत असतो. मोठ्या पडद्याचा अर्थच हा आहे. घरी सोफ्यावर तोच प्रसंग पाहिला तर हेलिकॉप्टर दिसतं, गर्दीत असल्याचं जाणवत नाही.

आता माझी तक्रार. तिचं नाव मी ठेवलं आहे 'रिकामं शहर'.

२०१३ साली 'मॅन ऑफ स्टील' आला. शेवटच्या भागात मेट्रोपोलिस, सुपरमॅनचं शहर, अक्षरशः भुईसपाट होतं. सुपरमॅन आणि खलनायक झॉड एकमेकांना इमारतींमधून आरपार फेकतात, मजल्यांमागून मजले कोसळतात, आणि त्या मजल्यांवर माणसं होती का याचा विचार बराच वेळ कुणी करत नाही. अगदी शेवटी एका कुटुंबाला वाचवायला सुपरमॅन झॉडची मान मोडतो, ते दुःखही सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने मनापासून केलं आहे. पण तोवर हजारो माणसं गाडली गेलेली असतात. प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी यावर खूप आरडाओरडा केला. तो योग्यच होता.

पण बनवणाऱ्यांनी त्यातून घेतलेला धडा साफ चुकीचा होता! २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ची सुरुवात आठवा. तीच लढाई, पण जमिनीवरून. ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, धुळीच्या लोटात धावत शिरतो, तुळईखाली अडकलेल्या माणसाला सोडवतो, एका लहान मुलीला कोसळत्या ढिगाऱ्यापासून ओढून कवटाळतो. त्या अख्ख्या सिनेमातला हा सर्वांत चांगला भाग आहे असं माझं ठाम मत आहे. वाटलं, आता यांना उमगलं! आणि शेवटच्या लढाईला काय होतं? राक्षस शहरात पडतो आणि बातमीदार सांगतो की कामाची वेळ संपली आहे, तो भाग जवळजवळ ओस आहे. पुढे तो राक्षस एका बेटावर पडतो, आणि कळतं की तिथे वस्ती नाही. त्यानंतर तासभर वाटावी अशी हाणामारी. माणसं मेल्याची तक्रार होती ना, मग माणसंच काढून टाका. रिकाम्या तालमीत शड्डू ठोकण्याचा तो प्रकार.

मी हे पोटतिडकीने सांगतोय, कारण हा रोग नंतर सगळीकडे पसरला. ओस विमानतळ, ओसाड ग्रह, सोडून दिलेली बंदरं. लढाई सुरू होण्याआधी कुणीतरी घाईघाईने एक वाक्य म्हणतं की सगळ्यांना सुखरूप हलवलं आहे, आणि त्या एका वाक्यात सुपरहिरोचं सगळं काम उरकलेलं असतं. लोकांना हलवणं हीच तर खरी गोष्ट! म्हातारी माणसं कशी उतरली, कुणी मागे राहिलं का, कुणी घर सोडायला नकार दिला का, हे मला पाहायचंय. ते एका वाक्यात गुंडाळून मला चाळीस मिनिटं दोन न फुटणारी शरीरं एकमेकांवर आपटताना दाखवतात. दोघांनाही काही होत नाही हे मला माहीत आहे, मग मी खुर्चीच्या कडेला कशासाठी यावं?

माणसं नुसती पडद्यावर आणून भागत नाही, हेही सांगायला हवं. २०२३ च्या जूनमध्ये 'द फ्लॅश' आला. पहिल्याच भागात रुग्णालय कोसळतं आणि तान्ही बाळं हवेत तरंगत खाली येतात. वाचवण्याचाच प्रसंग की! पण तिथे बाळं म्हणजे गमतीची सामग्री. एक बाळ चक्क मायक्रोवेव्हमध्ये सुरक्षित ठेवलं जातं. संगणकाने काढलेली ती बाळं रबरी दिसतात आणि त्यातल्या एकाचीही भीती वाटत नाही. २०२४ च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरीन'ने १३० कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. थिएटरमध्ये शिट्ट्यांचा पाऊस पडत होता, ब्लेड या जुन्या सुपरहिरोच्या भूमिकेत वेस्ली स्नाइप्स परत आला तेव्हा मीही ओरडलो. पण त्या शिट्ट्या ओळखीच्या चेहऱ्यांसाठी होत्या. सगळं विश्व वाचवायचं असतं आणि ते विश्व डेडपूलच्या मित्रमंडळींच्या एका फोटोत मावतं. फोटोची कल्पना मला आवडली, त्या फोटोबाहेरचं कुणी दिसलं नाही हे खटकलं.

उलट बाजूचं उदाहरण द्यायचं तर माझ्यासाठी एकच, आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो. २००४ चा 'स्पायडर-मॅन २', दिग्दर्शक सॅम रेमी. उन्नत मार्गावरून धावणारी आगगाडी. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस तिची यंत्रणा मोडून टाकतो, गाडी बेफाम सुटते, पुढे रूळ संपतात. पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा, मुखवटा उतरलेला आहे. तो आधी पाय रोवून गाडी थांबवायला बघतो, जमत नाही. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकतो आणि मधोमध स्वतः ताणला जातो. अंगावरचा पोशाख फाटतो, पीटर झालेल्या टोबी मॅग्वायरचा चेहरा वेदनेने वाकडा होतो. गाडी थांबते आणि तो शुद्ध हरपून पुढे कोसळायला लागतो. तेवढ्यात मागून हात येतात. प्रवासी त्याला आत ओढतात, डोक्यावरून हलकेच एकमेकांच्या हाती देत मागे नेतात, खाली निजवतात. कुणीतरी म्हणतं, अरे, हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाएवढा. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत देतात आणि आपण कुणाला सांगणार नाही असं कबूल करतात.

आणि मग ऑक्टोपस परत येतो. तेव्हा ही साधी, निःशस्त्र माणसं पीटरच्या पुढे उभी राहतात. आधी आमच्याशी गाठ आहे, म्हणतात. तो त्यांना एका झटक्यात बाजूला सारतो, त्यांच्या उभं राहण्याने लढाईत काडीचाही फरक पडत नाही. आणि तरी सबंध सिनेमातला सगळ्यांत मोठा पराक्रम तोच आहे. वाचवलेली माणसं वाचवणाऱ्याला वाचवायला उठतात! चार वर्षांनी 'द डार्क नाइट'मध्ये दोन बोटींचा प्रसंग आला. एका बोटीत कैदी, दुसरीत नागरिक, आणि दोन्हींकडे दुसरी बोट उडवायचं बटण. तिथे तर बॅटमॅन बोटींच्या आसपासही नाही. शहर स्वतःच परीक्षेला बसतं आणि उत्तीर्ण होतं. ही गाडी आणि या बोटी रिकाम्या असत्या तर काय उरलं असतं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं राहिली आहेत आणि ज्यासाठी तुम्ही आलात ते तीन सिनेमे अजून बाकी आहेत. भरभर जाऊ.

आधी 'सुपरमॅन'. जेम्स गन यांचा सिनेमा, डेव्हिड कोरेनस्वेट नायक. शहरात महाकाय प्राणी धुमाकूळ घालतोय, बाकीचे वीर त्याला मारायच्या मागे, आणि सुपरमॅन काय करतोय? एका मुलीवर येणारे तुकडे अंगावर घेतो, आणि एक खार उचलून बाजूला नेतो. खार! प्रदर्शनाआधीच्या चाचणी-खेळांत ती काहींना खटकली होती, गन यांनी तरीही ठेवली. त्यांना मी मनापासून धन्यवाद देतो. तो प्राणीसुद्धा मरू नये असं या सुपरमॅनला वाटतं. लोइस त्याची मुलाखत घेते तो लांबलचक प्रसंग सिनेमाचा गाभा आहे. ती विचारते, एका देशाचं आक्रमण तू कुणाच्या परवानगीने थांबवलंस? तो चिडतो, अडखळतो, आणि शेवटी ओरडतो की माणसं मरणार होती. १९३८ चा सुपरमॅन तिथे बोलतोय. लोइसचे प्रश्नही खरे आहेत, आणि लोइस झालेली रेचल ब्रॉस्नाहन ते जराही सौम्य करत नाही. आणखी एक: खड्ड्यात पडलेल्या सुपरमॅनला हात देणारा फलाफलवाला, मालिक. त्याला नाव आहे, आणि पुढे लूथर त्याला मारतो तेव्हा थिएटर सुन्न होतं. शेवटी मात्र शहर रिकामं केलंच, आणि जमीन दुभंगायला लागल्यावर माझं लक्ष उडालं. पूर्वार्धाला पूर्ण गुण, शेवटाला निम्मे.

'फँटॅस्टिक फोर'. मॅट शॅकमन यांनी १९६० च्या दशकाचं जे भविष्यवेडं न्यूयॉर्क उभं केलंय ते डोळे भरून पाहावं, मायकल जियाकिनोचं संगीतही मोठ्या थिएटरातच ऐकावं. ज्या पृथ्वीवर हे घडतं तिचा क्रमांक ८२८, कारण या चौघांच्या जनकांपैकी एक, चित्रकार जॅक कर्बी, यांचा जन्म २८ ऑगस्टचा. ग्रह गिळणारा खलनायक गॅलॅक्टस म्हणतो, बाळ द्या, पृथ्वी सोडतो. बाळाचे आईवडील, म्हणजे चौघांतले रीड आणि स्यू, नाही म्हणतात आणि रीड ते जगाला सांगूनही टाकतो. लोक संतापतात. ज्यांना वाचवायचं तीच माणसं दारात उभी राहून विचारतात, एका मुलापायी आम्ही का मरायचं? स्यू झालेली व्हनेसा कर्बी बाळ घेऊन त्या गर्दीत जाते आणि बोलते. नायकाला गर्दीसमोर उत्तर द्यावं लागतं, हे मी फार वर्षांनी पाहिलं. इथेही न्यूयॉर्क रिकामं होतं, पण माणसं मोल मॅनच्या भूमिगत राज्यात उतरतात, म्हणजे ते रिकामं करणं कथेचा भाग आहे. फक्त ते चार-दोन दृश्यांत आटोपलं. खाली, अंधारात, वरचे हादरे ऐकत बसलेल्या माणसांजवळ कॅमेरा पाच मिनिटं थांबला असता तर हा सिनेमा मी पहिल्या क्रमांकावर ठेवला असता.

पहिला क्रमांक 'थंडरबोल्ट्स'ला. कमाईत तिघांत तोच मागे राहिला, पण माझ्या मताला त्याने फरक पडत नाही. फ्लॉरेन्स प्यूने क्वालालंपूरच्या ६७९ मीटर उंच मर्डेका ११८ वरून स्वतः उडी मारली. ती उडी मोठ्या पडद्यावर पाहताना पोटात खड्डा पडतो, तो संगणकाने पाडता येत नाही. पण माझं कारण वेगळं आहे. न्यूयॉर्कवर संकट येतं तेव्हा शहर भरलेलं आहे. ढिगारे कोसळतात, आणि ही एरवी मारेकरी असलेली टोळी पहिल्यांदा माणसं बाजूला ओढते, सगळी मिळून कोसळता भार तोलून धरते. त्यांना स्वतःलाच आपलं नवल वाटतं. मग रस्त्यावरची माणसं एकेक करून काळ्या सावल्या होतात. रक्ताचा थेंब नाही, तरी या तिन्ही सिनेमांतलं सगळ्यात भयानक दृश्य तेच. आणि शेवटी खलनायक, म्हणजे बॉब, हरवला जात नाही. त्याला मिठी मारली जाते. ज्याच्यापासून शहर वाचवायचं, त्यालाच वाचवायचं असतं. येलेना, म्हणजे प्यू, आधी त्याला बिलगते, मग एकेक जण. जेक श्रायर यांनी तिथे ठोसा मारून शेवट केला असता तर कुणी तक्रार केली नसती.

एक राग तरीही आहे. सावल्या झालेली माणसं रस्त्यावर परत येतात आणि लगेच सीआयएची प्रमुख व्हॅलेंटिना पत्रकारांना बोलावून टोळीचं नवं नाव जाहीर करते. पुढच्या सिनेमाची जाहिरात सुरू! परत आलेल्या त्या माणसांनी एकमेकांकडे कसं पाहिलं, अंधारात त्यांना काय दिसलं होतं, कुणी घरी फोन लावला का, हे दाखवायला दोन मिनिटं पुरली असती. तेवढी मला द्यायला हवी होती.

घंटा झाली. प्रश्न घेऊ या. 'मॅन ऑफ स्टील'च्या बाजूने ज्यांना भांडायचंय त्यांनी आधी हात वर करा, मागच्या रांगेपासून.