एक मिलिलिटर, एक युनिट

पहाटेचे तीन वाजले आहेत. अतिदक्षता विभागातील सिस्टर इन्सुलिनची व्हायल दिव्याखाली धरतात आणि तिच्यावरचा आकडा मोठ्याने वाचतात: 40. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते. एकीच्या मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात, दुसरीच्या 100. लाल टोपणाची सिरिंज पहिलीसाठी असते, नारिंगी टोपणाची दुसरीसाठी. 100 च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने 40 च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर हाती 100 युनिट येतात.

म्हणून या विभागात मिश्रण एकच ठरले आहे: 50 युनिट रेग्युलर इन्सुलिन आणि नॉर्मल सलाइन मिळून 50 मिलिलिटर. सिरिंज पंपावर 2 दिसले की तासाला दोन युनिट, मध्ये गुणाकार-भागाकार नाही. दुसऱ्या सिस्टर व्हायल आणि मात्रा स्वतंत्रपणे तपासतात, मगच लेबलवर दोन सह्या होतात. नळीच्या प्लास्टिकला इन्सुलिन चिकटत असल्यामुळे सुरुवातीचे थोडे मिश्रण नळीतून वाहून जाऊ दिले जाते. पाहणाऱ्याला ती नासाडी वाटते, पण ते केले नाही तर पंपाचा आकडा आणि रुग्णापर्यंत पोहोचणारी मात्रा यांत तफावत पडते.

साखर कुठवर उतरवायची, याचे उत्तर मात्र एकदा बदलले आहे. बेल्जियममधील ल्यूवेन येथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची साखर 80 ते 110 मध्ये ठेवल्यावर अतिदक्षता विभागातील मृत्यू 8 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर आल्याचे 2001 मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांतील विभागांनी तो कडक आकडा उचलला. 2009 मध्ये 6,104 रुग्णांच्या 'नाइस-शुगर' चाचणीत उलटे दिसले: कडक नियंत्रणात 90 दिवसांतील मृत्यू 27.5 टक्के, सैल नियंत्रणात 24.9. आता इन्सुलिन साधारणपणे 180 च्या वर सुरू होते आणि साखर 140 ते 180 मध्ये राखली जाते.

खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता त्याच हिशेबाने आखला आहे. तक्त्यामुळे सिस्टरना दर तासाच्या रीडिंगवर फोनची वाट न पाहता मात्रा बदलता येते. डॉक्टरांच्या अधिकारावर हे अतिक्रमण आहे, अशी कुजबुज अधूनमधून होते. तक्त्याखाली सही डॉक्टरांचीच आहे.

सर्वांत ठळक ओळ लाल शाईत आहे: नळीवाटे जाणारा आहार सीटी स्कॅनसाठी थांबवला, तर इन्सुलिनचा पंपही त्याच वेळी पाहायचा. गुंगीतल्या रुग्णाला घाम, थरथर सांगता येत नाही आणि साखर फार खाली राहिली तर मेंदूला इजा होते.

चार वाजतात. रक्तदाब टिकवण्याचे औषध चालू असताना बोटाच्या टोकाचे रीडिंग फसवू शकते, म्हणून रक्ताचा नमुना धमनीतल्या नळीतून घेतला जातो. रीडिंग 162 येते. तासापूर्वी ते 228 होते. आकडा मर्यादेत असला तरी उतार मोठा आहे. सिस्टर तक्त्यावर बोट फिरवून रकाना शोधतात, पंप 3 वरून 2 वर आणतात आणि वेळेपुढे सही करतात.