फॉरमॅट मारण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन असेल तर जवळ घ्या. आज बऱ्याच बटणांची नावं सांगायची आहेत, आणि रेडिओवर काही पडदा दाखवता येत नाही. सगळं विंडोजबद्दल आहे, दहा असो वा अकरा.

गणपती पेठेतलं दुकान असो, मार्केट यार्डातली अडत असो की गावची विकास सोसायटी, संगणक रेंगाळायला लागला की सल्ला ठरलेला: फॉरमॅट मार, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाक. मारला की चार दिवस बरं चालतं. मग प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, टॅली, अँटिव्हायरस सगळं परत चढतं आणि ये रे माझ्या मागल्या. मशीन नेमकं कुठं अडतंय, हे कुणी बघितलेलंच नसतं. बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे शून्य.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी अगदी छोटी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' असेल, ते दाबा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये जा. डावीकडे सीपीयू, मेमरी आणि डिस्क दिसतील. हे बघायचं ते काम चालू असताना, मशीन अडलेलं असताना. रिकाम्या मशीनचे आकडे नेहमीच गोड दिसतात.

मेमरी 85-90 टक्क्यांवर ठाण मांडून बसली असेल तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, कमी पडतेय. डिस्क सतत 100 टक्के आणि तिच्या नावाखाली एचडीडी लिहिलेलं असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क सगळ्यांना थांबवून धरतेय. पण इथं एक गफलत होते. रॅम भरली की विंडोज जास्तीचा पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं, मग डिस्कही तुंबते. म्हणून दोन्ही एकाच वेळी भरलेले दिसले तर संशय आधी रॅमवर घ्या.

आता फुकटचा उपाय. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. मशीन चालू होताच आपसूक उठून बसणाऱ्या प्रोग्रॅमांची ती यादी. गाणी वाजवणारं, मीटिंगचं, प्रिंटरची शाई मोजणारं, गेम आणून देणारं, सगळी मंडळी तिथं सापडतील. नको त्यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' म्हणा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस, आवाजाचं आणि टचपॅडचं मात्र राहू द्या. नाव ओळखीचं नसेल तर त्याला हात लावू नका.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रोज रात्री शटडाऊन केलं म्हणजे मशीन ताजं झालं असं आपण धरतो. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर तसं होत नाही. शटडाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. 'रीस्टार्ट' केलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. प्रिंटर हट्टाला पेटला असेल तर शटडाऊनऐवजी रीस्टार्ट करून बघा.

एवढं करूनही फरक नसेल तर खर्च. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, घातली की जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक पडतो, कारण फिरत्या तबकडीवर सुईसारखा हात फाईल शोधत हिंडत असतो आणि एसएसडीत हलणारं काहीच नाही. ती ज्या केबलला लागते तिचं नाव साटा, सातारा नव्हे. जुनी डिस्क टाकू नका, बॅकअपला ठेवा. एसएसडीवर डीफ्रॅगमेंट, म्हणजे फाईलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, मात्र कधी चालवायचं नाही, फायदा काही नाही आणि झीज फुकटची.

रॅम घेताना मशीनला कुठल्या प्रकारची लागते, डीडीआर-3 की डीडीआर-4, हे आधी बघा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीचा तुकडा दुसरीच्या जागेत बसतच नाही. जोर लावलात तर स्लॉट तुटेल. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत हे लिहिलेलं असतं, ते दुकानात जाण्याआधी टिपून न्या. 'एका क्लिकमध्ये वेग दुप्पट' म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र चुकूनही घेऊ नका. ती स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

आता हाताचा वेग. विंडोजचं बटण आणि व्ही दाबा, पहिल्यांदा 'टर्न ऑन' म्हणा. तिथून पुढं कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी तिथं मिळतात. एका अर्जातून नाव, पत्ता, गट नंबर असं तीनदा इकडून तिकडं जायला नको. पण सेवा केंद्रासारख्या ठिकाणी मशीन चौघांच्या हाताखाली असेल तर कॉपी केलेले आधार नंबर आणि पासवर्डही त्यात राहतात. दिवसाअखेर त्याच खिडकीत 'क्लिअर ऑल' दाबायचं. आणि चहाला उठताना विंडोज आणि एल, म्हणजे कुलूप.

मराठी टायपिंगचं थोडं सावकाश सांगतो. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग भाषा, 'अ‍ॅड अ लँग्वेज', मराठी. विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर. हा इनस्क्रिप्ट कळफलक: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'हळद' लिहायची तर यू, मग शिफ्ट धरून एन, मग ओ. झालं. 'सांगली'ला सहा बटणं: एम, ई, एक्स, आय, एन, आर. जोडाक्षराला मधे डी दाबायचा, तो हलंत. विश्रामबागेतला 'श्र' म्हणजे शिफ्ट-एम, डी, जे. टाइपरायटरवर हात बसलेल्यांची एक चूक हमखास होते, ऱ्हस्व वेलांटी ते अक्षराच्या आधी मारतात. इथं ती नंतर येते: 'मिरज' म्हणजे सी, एफ, जे, पी.

जुन्या फॉन्टातल्या फाईलींचं दुखणं वेगळं. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की म्हणूनच ती इंग्रजी बडबड दिसते. फॉन्टचं नाव बदलून ती युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारी, होत नाही, त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. सोसायटीची जुनी इतिवृत्तं बदलून घेतलीत तर रफार, जोडाक्षरं आणि रकमांचे आकडे मूळ कागदाशी ताडून बघा. चुका तिथंच राहतात. आणि मूळ फाईल ताडून होईपर्यंत पुसू नका.

नमस्कार.