यमक कुठे पडते : सोलापूरच्या गच्चीवरून ऐकलेले रॅप

[दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग, रात्र. यंत्रमाग कारखान्याची गच्ची. खालून मागांचा आवाज.]

खालचे माग चालू असेपर्यंत या गच्चीवर कोणी बीट, म्हणजे रॅपमागचा तयार ताल, लावत नाही, कारण लावली तरी ती ऐकू येत नाही. पाळी संपून मागांतले धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तुकडे, थांबले की मोबाइलला जोडलेला छोटा स्पीकर मधोमध ठेवला जातो, चार-पाच मुले त्याच्याभोवती उभी राहतात आणि एकेक जण आपण लिहिलेल्या ओळी म्हणू लागतो. यांच्या घरी तेलुगू बोलली जाते, शाळा मराठीत झाली आहे आणि गल्लीतले भांडण दखनी वळणाच्या हिंदीत होते. साहजिकच त्यांच्या एका कडव्यात तीन भाषा येतात आणि ते त्यांना मुळीच विशेष वाटत नाही. ओळी म्हणून झाल्या की वाद सुरू होतो, आणि तो बहुतेक रात्री एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : आजवरचा सर्वांत मोठा रॅपर कोण?

एकाचे उत्तर तुपाक शकूर असते, दुसऱ्याचे एमिनेम, तिसऱ्याचे केंड्रिक लामार. सर्वांत धाकटा मुलगा पुण्याच्या एमसी स्टॅनचे नाव घेतो आणि बाकीचे त्याला हसतात. या वादात विक्रीचे आकडे आणि मिळालेले पुरस्कार मांडले जातात, एमिनेमचा वेग तर हमखास निघतो. यमक कुठे पडते याविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि पिढ्यांची तुलना करायची असेल तर ती तेथूनच करावी असे आम्हाला वाटते.

[दृश्य : न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील जुनी छायाचित्रे.]

११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधील १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक समारंभ ठेवला होता आणि तेथे तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवत होता. गाण्यात जेथे गायन थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या तुकड्यावर लोक सर्वाधिक नाचतात, हे त्याने हेरले होते. त्यामुळे तो तेवढाच तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवत असे. त्या लांबवलेल्या तालावर ध्वनिक्षेपक हातात घेऊन गर्दीला चेतवणारी वाक्ये टाकली जात. रॅपचा आरंभ हा असा आहे : शब्द तालाच्या सेवेला होते आणि त्यांचे काम गर्दी हलती ठेवण्याचे होते. म्हणूनच पहिल्या पिढीतील यमके ओळीच्या शेवटी, चौथ्या ठोक्यावर, सर्वांना आधीच कळेल अशा जागी पडतात. ही उणीव मानता येणार नाही. हजार माणसांच्या गोंगाटात शब्द पोहोचवायचा असेल तर यमक तेथेच पडले पाहिजे, हे आपल्याकडच्या कोणत्याही डफवाल्याला सांगावे लागत नाही.

१९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशच्या संचातील मेली मेल याने याच उघड यमकांतून मोडक्या इमारतींचे, गरिबीचे आणि कोंडीचे वर्णन केले, आणि रॅपला नाचण्यापलीकडचा विषय मिळाला. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतील अवघ्या चौदा वर्षांच्या रॉक्सॅन शांते हिने एका पुरुष संचाच्या गाण्याला ध्वनिमुद्रित प्रत्युत्तर दिले आणि त्यावर प्रत्युत्तरांची रांग लागली. थोरांच्या याद्यांत तिचे नाव क्वचितच सापडते. ते त्या यादी करणाऱ्यांचे अपुरेपण आहे.

खरा बदल १९८७ मध्ये झाला. एरिक बी आणि राकिम या जोडीच्या पहिल्या अल्बममध्ये राकिम ओरडत नाही. तो शांत, जवळजवळ थंड आवाजात बोलतो. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला मानणाऱ्या या तरुणाने यमक ओळीच्या शेवटच्या खुंटीवरून काढून ओळीच्या पोटात नेले. त्याचे वाक्य बार, म्हणजे चार ठोक्यांचे आवर्तन, संपला म्हणून संपत नाही, ते पुढच्या बारमध्ये जाऊन पूर्ण होते. आणि एका अक्षराचे यमक जुळवण्याऐवजी तो दोन-तीन अक्षरांची साखळी जुळवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला पुढचे यमक कोठे येणार याचा अंदाज येत नाही. त्याच्यानंतर इंग्रजीत गंभीरपणे रॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाला, त्याचे नाव माहीत असो वा नसो, ही रीत शिकूनच पुढे जावे लागले.

[दृश्य : सोलापूर. भुईकोट किल्ल्याची तटबंदी, जुन्या शहरातील गल्ल्या.]

येथे थोडे थांबून सोलापूरकडे वळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गावी शाहीर राम जोशी जन्मले. थोरले बंधू पुराणिक, घराणे वैदिकाचे, आणि यांना ओढ तमाशाची. भावाने घराबाहेर काढल्यावर ते पंढरपुरास गेले, तेथे संस्कृत शिकले, पुढे कीर्तनही केले आणि मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुष्कळांना ते १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटामुळे ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे जो चेहरा येतो तो जयराम शिलेदारांचा असतो.

अलीकडे कोणी उत्साहाने राम जोशींना मराठीतले पहिले रॅपर म्हणतो, आणि ते ऐकून आम्ही अवघडतो. ब्रॉन्क्समधील मुलांनी लावणी ऐकली नव्हती आणि राम जोशींपुढे तबकड्या नव्हत्या. दोन्हींचे घराणे एक नाही. परंतु एक ओळ कानाची परीक्षा म्हणून समोर ठेवण्याजोगी आहे : ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिसि का शिरी, मठाची उठाठेव का तरी’. ढोंगी वैराग्याला विचारलेला हा प्रश्न आहे. आता त्याच्या मात्रा मोजून पाहा. ‘हटातटाने’ आठ मात्रा, ‘पटा रंगवुनि’ आठ, ‘जटा धरिसि का’ आठ, आणि चौथ्या गटाच्या आरंभी ‘शिरी’ येऊन पुढे श्वासाला जागा राहते. म्हणजे पहिल्या तीन गटांच्या तोंडाशी ‘टा’चे यमक आहे, एक ‘तटा’ मधल्या मोकळ्या जागेत टाकला आहे, आणि चौथ्या गटावर ‘शिरी’ ठेवून त्याचे उत्तर पुढील ओळीतल्या ‘तरी’कडे सोपवले आहे. त्या पुढील ओळीत ‘टा’चा ‘ठा’ होतो, ‘मठा’ आणि ‘उठा’ येतात, आणि अर्थ एका अक्षरानेही ढळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही यमके प्रत्ययांची नाहीत. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’, ‘गेला’ यांच्या जिवावर कोणालाही वीस ओळी जुळवता येतात. विभक्तीचे ‘ला’ आणि ‘ने’ तर फुकटच मिळतात. इंग्रजीत अशी सोय फारशी नाही. एमिनेमने २०१० मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत ‘ऑरेंज’ या शब्दाला यमक नाही हे मत खोडून काढताना उच्चार वाकवून ‘डोअर हिंज’, ‘स्टोरेज’, ‘पॉरिज’ असे शब्द एकापुढे एक मांडून दाखवले होते. त्याच्या भाषेत यमक दुर्मीळ असल्यामुळे त्याला उच्चार वाकवण्याची कला साधावी लागली. आपल्या भाषेत ते स्वस्त असल्यामुळे आपल्याला ते नाकारण्याची कला साधावी लागते. राम जोशींनी हट, पट, जटा, मठ असे चार भरीव शब्द घेतले आणि क्रियापदाला यमकाच्या जागेवर फिरकू दिले नाही. राकिमप्रमाणे त्यांचे यमक ओळीच्या पोटात आहे. राकिमप्रमाणे ते ठोक्याला चकवत मात्र नाही, उलट बहुधा ठोक्यावरच बसते, कारण त्यांच्यापुढेही फडातली गर्दी होती.

[दृश्य : न्यूयॉर्क, क्वीन्सब्रिज वसाहत.]

राकिमने उघडलेल्या वाटेवर १९९४ मध्ये दोन माणसे आली. वीस वर्षांच्या नासने चाळीस मिनिटांहूनही लहान असा ‘इलमॅटिक’ हा अल्बम केला, ज्यात खिडकीतून दिसणारी वसाहत एखाद्या बखरीसारखी बारकाईने नोंदलेली आहे; त्यातील एका गाण्यात त्याचे वडील, जॅझ वादक ओलू दारा, यांचे कॉर्नेट हे तुतारीसारखे वाद्य ऐकू येते. त्याच वर्षी नोटोरियस बीआयजीचा, म्हणजे बिगीचा, पहिला अल्बम आला. बिगी शब्दांची गर्दी करत नाही. ओळीच्या ऐन मध्यावर थांबून तो ऐकणाऱ्याला पुढचा शब्द मनात म्हणायला लावतो आणि मग दुसराच शब्द टाकतो. तुपाक १९९६ मध्ये पंचविसाव्या वर्षी मारला गेला आणि बिगी १९९७ मध्ये चोविसाव्या वर्षी. मृत्यूने त्यांची कीर्ती वाढवली असे म्हणणे सोपे आहे, परंतु दोघांची तुलना कौशल्यावर करायची तर आमचे मत स्पष्ट आहे : लेखणी आणि ठेका बिगीचा वरचढ, आणि आवाजातला जाळ तुपाकचा. तुपाकच्या कडव्यांत कारागिरी शोधणारा निराश होईल, कारण तेथे काम करणारी वस्तू वेगळी आहे.

आवाजातल्या त्या जाळाची ओळख आपल्याला दूरची नाही. याच जिल्ह्यातील बार्शीत १९१६ मध्ये जन्मलेले शाहीर अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील सभाच्या सभा उभ्या केल्या. राम जोशी आणि अमर शेख यांना एकाच फूटपट्टीने मोजणारा माणूस दोघांपैकी एकाला नक्कीच कमी लेखेल.

रॅपर आणि गायिका लॉरिन हिलचा एकच स्वतंत्र स्टुडिओ अल्बम आहे, १९९८ चा. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला, जो त्यापूर्वी कोणत्याही हिप-हॉप अल्बमला मिळाला नव्हता. वारसा ढिगावर ठरत नाही, याला तिच्याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

वेगाविषयी थोडक्यात बोलतो, कारण गच्चीवर तो मुद्दा रोज निघतो. एमिनेमच्या २०१३ मधील ‘रॅप गॉड’मध्ये ६ मिनिटे ४ सेकंदांत १,५६० शब्द आहेत आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. हा पराक्रम मोठा आहे, पण त्या वेगातही प्रत्येक व्यंजन सुटे ऐकू येते आणि कित्येक अक्षरांच्या यमकसाखळ्या अखंड चालतात, हे त्याचे खरे कसब आहे. नुसता वेग लिलाव पुकारणाऱ्या अडत्याकडेही असतो.

केंड्रिक लामारला २०१८ मध्ये ‘डॅम’ या अल्बमसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले; अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेरच्या संगीताला ते पहिल्यांदाच दिले गेले. त्याचे कसब एका ओळीत पकडता येत नाही. एकाच गाण्यात तो मुलाचा, आईचा, दारुड्याचा, स्वतःच्या सद्सद्विवेकाचा असे निरनिराळे आवाज काढतो. आपल्याकडे सोंगाड्या जे काम अंगाने करतो, ते हा गळ्याने करतो. २०१५ च्या अल्बमच्या अखेरीस त्याने तुपाकच्या १९९४ मधील एका मुलाखतीचे तुकडे घेऊन त्यांच्या आधारे मृत तुपाकशी संवाद रचला आहे. तो प्रश्न विचारतो, तुपाक उत्तरे देतो, आणि अखेरच्या प्रश्नाला उत्तर येत नाही. वारशाचा विषय निघाला की आम्हाला विक्रीचा कोणताही आकडा न आठवता ती शांतता आठवते.

[दृश्य : मुंबई, कुर्ला; नंतर पुन्हा सोलापूरची गच्ची.]

भारतात ही वाट उशिरा रुळली. हिंदीत रॅप करणारे बाबा सेहगल १९९० च्या दशकाच्या आरंभीच आले होते. परंतु अंधेरीच्या डिव्हाइनने २०१३ मध्ये आणि कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आपापल्या गल्लीच्या भाषेत म्हणायला सुरुवात केली, तेव्हा इतर शहरांतील मुलांना आपलीही बोली चालेल असे वाटू लागले. नेझीने आपले पहिले गाणे आयपॅडवर केले होते, आणि ते ऐकून किती जणांनी मोबाइल हातात घेतला असेल याचा हिशेब कोणत्याही यादीत नाही. या दृष्टीने पाहता, स्टॅनचे नाव घेणाऱ्या धाकट्याला हसणारे थोडे चुकतात : पुण्याच्या वस्तीतला, आपल्यासारखीच हिंदी बोलणारा मुलगा त्याला राकिमच्या आधी भेटला, म्हणूनच तो आज या गच्चीवर आहे.

चित्रीकरणाच्या शेवटच्या रात्री आम्ही त्या मुलांना राम जोशींची ती ओळ वाचून दाखवली. मिनिटाला ९० ठोक्यांची बीट लावली. एका ठोक्यात आठ मात्रांचा गट बसवायचा तर सेकंदाला आठ-नऊ अक्षरे म्हणावी लागतात; तिघांनी प्रयत्न केला आणि तिघेही ‘रंगवुनि’वर अडखळले. मग एका गटाला दोन ठोके दिले आणि ओळ दोन बारमध्ये अशी बसली की जणू ती त्या बीटसाठीच लिहिली होती. धाकटा मुलगा बराच वेळ गप्प होता. त्याच्या वहीत चार ओळी होत्या आणि चारही ‘आहे’वर संपत होत्या. त्याने पहिल्या दोन खोडल्या, तिसरी फिरवून ‘आहे’ बाहेर काढला आणि तेथे ‘धोटा’ हा शब्द आणून बसवला. चौथ्या ओळीतला ‘आहे’ अजून तसाच आहे.

[खालच्या मजल्यावर रात्रपाळी सुरू होते. मागांचा आवाज. बीट ऐकू येईनाशी होते.]